घाटात तापणारे इंजिन आणि ठिणगीची वेळ

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरहून घोडेगावमार्गे निघालेला भीमाशंकरचा रस्ता डिंभे धरणानंतर डोंगरात शिरतो आणि तळेघरवरून ज्योतिर्लिंगाच्या दिशेने चढत जातो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या वाटेवर वाहनांची रीघ लागते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार दिसली की, ‘रेडिएटरमध्ये पाणी नसेल’ असाच निष्कर्ष बहुतेक जण काढतात. पुष्कळदा तो बरोबरही असतो. परंतु पाणी पुरेसे आहे, पंखा फिरतो आहे, थर्मोस्टॅट ठीक आहे आणि तरीही काटा लाल खुणेकडे सरकतो, तेव्हा आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. ती म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, अर्थात इग्निशन टायमिंग.

ठिणगी आधी का पडते?

पेट्रोल व हवेचे मिश्रण क्षणार्धात भडकत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला थोडा अवधी लागतो. पिस्टन अगदी वर पोहोचून थोडा खाली येऊ लागला असता, म्हणजे क्रँकशाफ्ट सुमारे १२ ते १५ अंश पुढे फिरला असता, वायूचा दाब कमाल असावा लागतो. तेव्हाच पिस्टनला सर्वात जास्त कामाचा रेटा मिळतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच पाडली जाते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास २० सहस्रांश सेकंद लागतात. ज्वलनाला दोनच सहस्रांश सेकंद धरले, तरी तेवढ्यात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरतो. ८०० फेऱ्यांच्या मंद गतीला तो जेमतेम १० अंश फिरतो. वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे, ती याच कारणाने.

उशीर झाला तर

ठिणगी उशिरा पडली, म्हणजे टायमिंग ‘रिटार्ड’ झाले, तर ज्वलन पिस्टन खाली जात असताना रेंगाळत राहते. उष्णतेचे कामात रूपांतर होण्यास पुरेसा वाव उरत नाही आणि धगधगता वायू तसाच एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याभोवतीचा हेडचा भाग अतिशय तापतो. त्या भागातून फिरणाऱ्या पाण्याला ही जादा उष्णता वाहून न्यावी लागते. शिवाय गाडी ओढत नाही म्हणून चालक अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबतो, पेट्रोल अधिक जळते आणि उष्णतेत आणखी भर पडते. मंद पिकअप, घटलेले अ‍ॅव्हरेज, क्वचित सायलेन्सरमधून येणारे फटाक्यासारखे आवाज ही या दोषाची लक्षणे होत.

घाई झाली तर

टायमिंग प्रमाणाबाहेर ‘अ‍ॅडव्हान्स’ असेल, तर पिस्टन वर येत असतानाच दाब भडकतो. सिलिंडरमधील कमाल तापमान वाढते आणि ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप पेटते. चढावर ऐकू येणारा धातूचा खडखडाट तो हाच. मेकॅनिक त्याला ‘गाडी नॉक करते’ म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीलगत वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो व तो धातूचे संरक्षण करतो. नॉकिंगच्या धक्क्यांनी तो विस्कटतो आणि उष्णता थेट पिस्टन व हेडमध्ये शिरते. तापलेल्या इंजिनात नॉकिंग आणखी सहज होते, म्हणजे दुष्टचक्र सुरू होते. हेड गॅस्केट जळणे किंवा पिस्टनला भोक पडणे हा त्याचा शेवट असू शकतो.

दोन्ही चुकांनी इंजिन तापते, पण उष्णता वेगवेगळ्या ठिकाणी साठते. उशिराच्या ठिणगीने एक्झॉस्टची बाजू होरपळते, तर लवकरच्या ठिणगीने पिस्टन आणि हेड. काट्यावरून हा भेद कळत नाही. आवाज व ओढ यांवरून कळतो.

घाटातच का?

चढावर इंजिनावर भार पूर्ण, गाडीचा वेग कमी, म्हणून रेडिएटरमधून जाणारा वाराही कमी. भीमाशंकरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून हा बिंदू वर नेते. झाकणाचे रबर सैल झाले असेल तर तो आधार जातो. त्यामुळे सपाटीवर लपून राहिलेला टायमिंगचा दोष घाटात उघडा पडतो. विरळ हवेमुळे उंचीवर थोडे जास्त अ‍ॅडव्हान्स चालून जाते. मात्र त्यासाठी टायमिंग हलवू नये, कारण खाली मंचरला उतरताच नॉकिंग सुरू होईल.

जुन्या आणि नव्या गाड्या

प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरच्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत ही वेळ डिस्ट्रिब्युटर, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतला ‘डेल्को’, ठरवतो. जेथे सीबी पॉइंट असतात, तेथे पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि कोणी हात न लावताही टायमिंग मागे पडते. डेल्कोतील वजने गंजून अडकली, तर वेगाबरोबर मिळणारे अ‍ॅडव्हान्स मिळत नाही. म्हणून आधी फट तपासावी, मगच टायमिंग लाइटने पुलीवरील खूण पाहावी. किती अंश ठेवायचे, हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे, अंदाजाने नव्हे.

इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. नॉक सेन्सर असल्यास खडखडाट जाणवताच तो ठिणगी मागे घेतो. पाणी वा आत येणारी हवा तापली तरी तेच करतो. तेथे फिरवण्याजोगा डेल्को बहुधा नसतोच. दोष शोधायचा तो सेन्सर, वायरिंग किंवा प्लगमध्ये. डिझेल गाड्यांत ठिणगीच नसते, पण इंधन फवारण्याच्या वेळेला तेथे तेवढेच महत्त्व आहे.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणारी वाफ चेहरा व हात भाजते. गार झाल्यावर प्रथम पाणी, नळ्या, पट्टा आणि पंखा पाहावा. सर्व ठीक असूनही गाडी पुन्हा तापली, तर पुढचा चढ चढण्याचा हट्ट न धरता जवळच्या मेकॅनिककडे टायमिंग तपासून घ्यावे. काही अंशांची ही दुरुस्ती अर्ध्या तासात होते. तिच्याअभावी वाकलेले हेड मात्र आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहते.