हिंगणघाटची बनी

सिहोरा हा गहू-धानाचा मुलूख. कापसाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु 1861 पासून 1956 पर्यंत सिहोरा व हिंगणघाट एकाच प्रांतात नांदत होती. म्हणून येथे बसून त्या कापसाची कथा सांगणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

हिंगणघाटची ‘बनी’ लांब व तलम धाग्याकरिता नावाजलेली. अमेरिकेतील यादवी युद्धात (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा तिचे मोल विशेष वाढले. पुढे मात्र आखूड धाग्याच्या ‘रोझियम’ने तिला शेतातून हुसकले. कारण साधे होते. रोझियमच्या रुईचा उतारा शेकडा 40 च्या आसपास, बनीचा 30 च्या घरात. तलमपणाचा पुरेसा मोबदला बाजार देईना, तेव्हा शेतकऱ्याने वजन पत्करले. त्यास दोष कसा द्यावा?

शास्त्राने या भेदाचे मूळ बीजात शोधले. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलते त्या सुमारास ती वाढू लागते, सुमारे तीन आठवडे लांबत जाते व मग आतून सेल्युलोजचे थर चढून भरीव होते. लांबी व उतारा या दोहोंवर अनेक जनुकांची सत्ता चालते. इंदूरच्या संस्थेत हचिन्सन यांनी 1933 ते 1937 या काळात कापसाच्या आनुवंशिकीचा अभ्यास केला.

गुण बीजात असतात खरे. परंतु कोणते बीज शेतात टिकावयाचे, हे भाव ठरवितो. बनीची कथा आम्हांस एवढेच सांगते.