६४० केबीच्या वरची जमीन: डॉस काळातील मेमरी मॅनेजरांचे तंटे

थ्रेड.

एप्रिल १९९२ मध्ये टेक्सासच्या ऑरिजिन सिस्टिम्सने ‘उल्टिमा ७’ हा संगणकीय खेळ बाजारात आणला. खेळाची वाहवा झाली. पण तो विकत घेणाऱ्या अनेकांचा पहिला सामना खेळातील शत्रूशी न होता स्वतःच्याच यंत्राशी झाला. संगणकात चार मेगाबाइट मेमरी असूनही खेळ सुरू होण्यास नकार देई. मेमरी कमी पडत होती असे नव्हे. ती सांभाळणारा दुसरा एक प्रोग्राम तेथे आधीच ठाण मांडून बसला होता.

हा तंटा समजून घेण्यासाठी ऑगस्ट १९८१ पर्यंत मागे जावे लागते. आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. त्याला पत्ते सांगणाऱ्या २० तारा. म्हणजे तो फार तर एक मेगाबाइट मेमरी ओळखू शके. आयबीएमने त्यातील खालचे ६४० केबी प्रोग्रामांना दिले आणि वरचे ३८४ केबी पडदा, रॉम आणि जोडकार्डे यांच्यासाठी राखून ठेवले. त्या यंत्राची सर्वांत स्वस्त आवृत्ती अवघ्या १६ केबी मेमरीसह विकली जात होती, हे ध्यानात घेतले तर ही वाटणी कंजूषपणाची वाटत नाही. (६४० केबी कोणालाही पुरेल, असे बिल गेट्स म्हणाले होते ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही आणि गेट्स यांनी ती स्पष्टपणे नाकारली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती वापरू नये.)

अडचण सुरू झाली ती यंत्रे मोठी होऊनही जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालले पाहिजेत या आग्रहातून. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये ८०२८६ प्रोसेसर आला. त्याला २४ तारा, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंत मजल. पण जुन्या ८०८८ ची एक खोड होती: एक मेगाबाइटच्या पुढचा पत्ता दिला की तो गुपचूप वळून शून्यापाशी येई. काही प्रोग्राम नेमके या खोडीवर विसंबून होते. त्यांच्यासाठी आयबीएमने एकविसाव्या तारेवर, म्हणजे ए२० वर, एक फाटक बसवले. त्याची किल्ली दिली कुणाकडे? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे, कारण तिची एक पिन रिकामी होती! फाटक उघडले की एक मेगाबाइटच्या लगतची ६५,५२० बाइट जागा डॉसला मिळे. पुढे प्रत्येक उत्पादकाने ते उघडण्याची आपापली रीत काढली. मायक्रोसॉफ्टच्या हायमेम या ड्रायव्हरमध्ये डझनाहून अधिक यंत्रांच्या रीती नोंदवाव्या लागल्या. रीत चुकली की पडद्यावर एकच ओळ येई: ए२० तार ताब्यात घेता आली नाही.

दरम्यान कार्यालयांना घाई होती. लोटस १-२-३ मधील हिशेबाचे तक्ते ६४० केबीत मावेनासे झाले होते. १९८५ मध्ये लोटस आणि इंटेल यांनी, व लगोलग सामील झालेल्या मायक्रोसॉफ्टने, ‘एक्स्पांडेड मेमरी’चे मानक ठरवले. वरच्या राखीव प्रदेशात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि वेगळ्या कार्डावरील मेमरी १६-१६ केबीच्या तुकड्यांनी त्या खिडकीत आणायची, अशी ती योजना. जुगाडच, पण चालणारा.

८०३८६ आल्यावर ते कार्ड अनावश्यक ठरले. हा प्रोसेसर एका विशेष अवस्थेत शिरून जुन्या ८०८६ चा आभास निर्माण करी आणि कोणत्याही पत्त्यावर कोणतीही मेमरी मांडून दाखवी. कॉम्पॅकचा सेम, क्वालिटासचा ३८६मॅक्स, क्वार्टरडेकचा क्यूईएमएम आणि मायक्रोसॉफ्टचा ईएमएम३८६ हे सारे मेमरी मॅनेजर याच करामतीवर उभे राहिले. राखीव ३८४ केबींतील पडीक तुकडे शोधायचे, तेथे मेमरी मांडायची आणि माउस, सीडी, नेटवर्क यांचे ड्रायव्हर खालून उचलून तेथे बसवायचे. जून १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने ही सोय घरोघरी पोहोचवली. तंटे मात्र तिच्यासोबतच आले.

पडीक जमीन ओळखायची कशी, हाच मूळ प्रश्न होता. मॅनेजर सुरू होताना प्रदेशाची पाहणी करी. पण अनेक नेटवर्क कार्डे स्वतःचा ड्रायव्हर जागा होईपर्यंत आपली मेमरी उघड करीत नसत. मॅनेजरला ती जागा मोकळी दिसे, तो तेथे दुसराच ड्रायव्हर बसवी आणि थोड्या वेळाने कार्ड जागे होऊन आपल्या जागेवर हक्क सांगे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतात दोन नांगर एकदम शिरावेत, तसा हा प्रकार. परिणामी संगणक गोठे, नाहीतर ईएमएम३८६ आपण अमुक क्रमांकाची चूक पकडली आहे असे सांगून यंत्र थांबवी. क्रमांक ६ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा, १२ म्हणजे स्टॅकची चूक, १३ म्हणजे संरक्षणाचा भंग. हे क्रमांक प्रोसेसरचे. चूक कोणाची, हे त्यांतून कळत नसे. तोवर न साठवलेले काम मात्र गेलेले असे.

उपाय होता वगळण्याचा. कॉन्फिग.सिस या फाइलीत मॅनेजरच्या ओळीपुढे ‘एक्स=डी०००-डी७एफएफ’ अशा धर्तीचा पट्टा लिहिला की मॅनेजर त्या भागाला हात लावत नसे. पट्टा ठाऊक नसेल तर आधी सारा वरचा प्रदेश वगळायचा. यंत्र नीट चालले तर दोष तेथेच आहे असे ठरे. मग अर्धा भाग मोकळा करायचा, पुन्हा सुरू करायचे, मग त्याचाही अर्धा. प्रत्येक पायरीला संगणक बंद-चालू करणे आले. हे काम अभियंत्यांनी थोडे आणि हिशेबनीस, कारकून व शाळकरी मुलांनी बरेच केले, ही गोष्ट कंपन्यांच्या इतिहासांत सहसा येत नाही.

काही तंटे याहून गूढ होते. बस-मास्टर जातीची स्कझी डिस्क-कार्डे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत माहिती लिहीत. मॅनेजरने पत्त्यांची मांडणी बदलल्याची त्यांना खबरच नसे. ती जुन्या पत्त्यावर लिहीत आणि भलतीच जागा बिघडे. स्मार्टड्राइव्हची ‘डबल बफर’ ही ओळ त्यासाठीच होती.

एक्सेपॅकचे प्रकरण तर न्यायालयात शोभण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टच्याच या साधनाने आवळलेले प्रोग्राम स्मृतीच्या पहिल्या ६४ केबींत उतरले, की उलगडताना ८०८८ च्या त्या जुन्या खोडीवर विसंबत. एरवी ती जागा डॉसच अडवून ठेवी, म्हणून दोष झाकलेला राही. डॉस वर गेला, जागा मोकळी झाली, ए२० चे फाटक उघडे राहिले आणि धडधाकट प्रोग्राम आपली फाइल बिघडल्याची तक्रार करू लागले. म्हणजे मेमरी जास्त मिळाली म्हणून प्रोग्राम बंद पडला! डॉस ५ मध्ये यासाठी लोडफिक्स ही आज्ञा दिली गेली. ती प्रोग्रामला पहिल्या ६४ केबींच्या वर बसवी, एवढेच तिचे काम.

दोन मॅनेजर एकत्र नांदत नसत. पहिल्याने प्रोसेसर ताब्यात घेतला की दुसरा स्थापित होण्यास नकार देई. मोठे प्रोग्राम मॅनेजरकडून प्रोसेसर मागून घेऊ शकतील यासाठी फार लॅप आणि क्वार्टरडेक यांनी व्हीसीपीआय हा करार रचला. त्यात पाहुण्याला घराच्या सर्व किल्ल्या मिळत. मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० ला त्याच्या ‘एन्हान्स्ड’ अवस्थेत हे परवडणारे नव्हते, कारण तेथे मालक तोच होता. त्याच महिन्यात डीपीएमआय ०.९ हा दुसरा करार प्रसिद्ध झाला. त्यात पाहुण्याने प्रत्येक गोष्ट मागून घ्यायची होती. तांत्रिकदृष्ट्या दुसरा करार अधिक सुरक्षित होता, हे मान्य करावेच लागते. पण यंत्राचा अंतिम मालक कोण, हा निवाडाही त्यातच होऊन गेला.

उल्टिमा ७ ने यांपैकी कोणताच करार मानला नाही. त्याचा ‘व्हूडू’ हा स्वतःचा मॅनेजर क्षणभर संरक्षित अवस्थेत जाऊन सीमा वाढवी आणि परत येई. ईएमएम३८६ आधीच बसलेला असेल तर ही उडी अशक्य. म्हणून खेळाडू वेगळी बूट फ्लॉपी बनवीत: हायमेम, माउस, ध्वनिकार्डाचे ड्रायव्हर, बाकी काही नाही. याउलट ईएमएस मागणारे खेळही होते. त्यांच्यासाठी दुसरी फ्लॉपी. मार्च १९९३ च्या डॉस ६ ने कॉन्फिग.सिसमध्येच निवडीची यादी देऊन हा फ्लॉप्यांचा ढीग कमी केला आणि मेममेकर ही आपोआप मांडणी करणारी सोय दिली. क्वार्टरडेककडे ‘ऑप्टिमाइझ’ आधीपासून होते आणि वर रॉम लपवून जागा काढण्याची ‘स्टेल्थ’ युक्तीही.

त्या काळातील कॉन्फिग.सिस फाइली आज जुन्या डिस्कांवर सापडतात. त्यांत ‘रेम’ लिहून निकामी केलेल्या ओळी असतात: एकामागून एक वगळलेले पट्टे, बदललेला क्रम, परत लावलेला ड्रायव्हर. छापील पुस्तिकांपेक्षा या ओळी त्या काळाविषयी अधिक विश्वासार्ह साक्ष देतात.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले. हायमेम तेव्हाही प्रत्येक वेळी आपोआप चालू होई, फक्त वापरणाऱ्याला ते लिहावे लागत नसे. क्यूईएमएमची गरज ओसरली आणि १९९८ मध्ये सिमँटेकने क्वार्टरडेक विकत घेण्याचा सौदा केला. सुरुवातीला कीबोर्डच्या चिपकडे किल्ली असलेले ए२० चे फाटक मात्र इंटेलच्या प्रोसेसरांत एकविसाव्या शतकातही बरीच वर्षे शिल्लक होते.