मास्टर सिस्टिम
सेगा या जपानी कंपनीचा ८-बिट व्हिडिओ गेम कन्सोल. जपानमध्ये तो १९८५ साली ‘मार्क थ्री’ नावाने आला, अमेरिकेत पुढच्या वर्षी. दोन्हीकडे निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी कंपनीपुढे त्याची डाळ शिजली नाही. बाहेरच्या गेमनिर्मात्यांना निन्टेन्डोने करारांत जखडून ठेवले होते. ब्राझीलमध्ये मात्र चित्र उलटे. आयात मालावर जबर कर, म्हणून टेकटॉय या स्थानिक कंपनीने १९८९ पासून तो देशातच बनवून विकायला काढला. ‘वंडर बॉय’ मालिकेतल्या एका गेमचा नायक काढून तिने त्या जागी मोनिका ही ब्राझिली मुलांची लाडकी चित्रकथा-नायिका बसवली. तलवारीऐवजी तिच्या हातात कापडी ससा! निन्टेन्डो तेथे अधिकृतपणे पोचले १९९३ मध्ये. तोवर त्याच्या यंत्राच्या नकलांचा बाजारात सुळसुळाट झाला होता.