माती, डफ आणि कागद : गिरणगावातील कलेचे द्रव्य

कलांचा परिचय करून देणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत कलांची वर्गवारी बहुधा माध्यमावरून केलेली असते. शिल्पाचे माध्यम दगड वा माती, चित्राचे रंग व रेषा, संगीताचे स्वर, साहित्याचे शब्द. मर्ढेकरांनी माध्यमाचा हा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात ठामपणे आणला आणि त्यानंतरच्या समीक्षेत आशय, घाट व माध्यम यांची चर्चा पुष्कळ झाली. या चर्चेत एक बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहिली. कलावंत आपले माध्यम निवडतो, हे आपण गृहीतच धरून चालतो. ज्याच्याजवळ निवडीला वाव नव्हता, त्याच्या कलेचे काय? त्याच्या हाती कोणते द्रव्य आले, ते त्याला परवडले कसे, आणि त्या द्रव्याने त्याच्या कलेला कोणता घाट दिला? हे प्रश्न आम्ही करी रोडच्या परिसराला विचारून पाहणार आहोत.

मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळ यांच्यामध्ये करी रोड हे स्थानक आहे. त्याच्या पूर्वेस लालबाग, पश्चिमेस ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुना डिलाईल रोड. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभली. पुढील काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंतचा पट्टा गिरण्यांनी व्यापला. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार चाळींत आणि गाळ्यांत राहिले. एका खोलीत अनेक जण असत. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे तिथेच अंग टाकीत. अशा जागेत चित्रफलक उभा करता येत नाही, की तंबोऱ्याला कोपरा मिळत नाही. कला घडायची तर ती चौकात, रस्त्यावर किंवा डोक्यात घडणार. कोकणी माणसाने भजन, नमन आणि दशावतार सोबत आणले. घाटी माणसाने तमाशा आणि पोवाडा आणला. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान होती : त्यांना लागणारी सामग्री माणसाला खांद्यावर वाहून नेता येई.

त्या सामग्रीत पहिली गोष्ट आवाज, दुसरी डफ. डफ म्हणजे कड्यावर ताणलेले चामडे. पावसाळी हवेत ते सैल पडते, मग विस्तवावर शेकून पुन्हा चढवावे लागते. ध्वनिक्षेपक नसलेल्या सभेत हजारो माणसांपर्यंत पोचायचे, तर ओळ आखूड हवी, ध्रुपद परतपरत यायला हवे, आणि ऐकणाऱ्याला ते उचलून धरता आले पाहिजे. शाहिरी रचनेचा घाट असा तिच्या द्रव्यातून आणि सभेच्या गरजेतून ठरला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लालबावटा कलापथक’ उभे केले, तेव्हा हाच घाट त्यांच्यापुढे तयार होता. गण, गौळण, बतावणी आणि वग ही तमाशाची चौकट. अण्णा भाऊंनी गणातील देवस्तुतीच्या जागी मायभूमीचे वंदन आणले, गौळण वगळली, आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, गिरणीमालक व कामगार उभे केले. चौकट प्रेक्षकांच्या परिचयाची होती, म्हणूनच तिच्यातील बदल त्यांना चटकन कळला. लोकनाट्य या प्रकाराची जडणघडण समजून घेताना ही गोष्ट विसरता येणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात याच शाहिरांच्या आवाजाने मैदाने भरली.

उपजीविकेच्या दृष्टीने या कलेने काय दिले? ‘फकिरा’सारखी कादंबरी १९५९ साली लिहिणारे अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत दीर्घकाळ राहिले. १९६९ सालीच काही आठवड्यांच्या अंतराने अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही गेले. सभेच्या टाळ्यांतून घरभाडे भरता येत नाही, हे सत्य त्यांच्या चरित्रांत उघडेवाघडे दिसते. ज्या चळवळीसाठी ते गात होते, तिच्याजवळही कलावंताला पोसण्याची काही व्यवस्था नव्हती. शाहिरांच्या गौरवपर लेखनात ही गोष्ट ‘त्याग’ या शब्दाखाली झाकली जाते. आम्हांला ती एका आर्थिक प्रश्नासारखी पाहावीशी वाटते.

दुसरे द्रव्य कागद. नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवले. पुढे सुर्व्यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून राबले आणि अखेर शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. कवितेला भांडवल सर्वांत कमी लागते. ती चालताना, पाळी संपल्यावर, चहाच्या दुकानातही रचता येते आणि वहीच्या पानावर मावते. सुर्व्यांच्या कवितेतील बोलीचा सूर, समोरच्याला उद्देशून बोलल्यासारखी तिची वाक्यरचना यांचा उगम सभेत आणि नाक्यावर आहे, असे आम्हांला वाटते. परंतु ती कागदावर उतरली, आणि त्यामुळेच ती अभ्यासक्रमापर्यंत पोचली. शाहिरीला ही सोय नव्हती. गाण्याचा शब्द छापता येतो, पण चाल, ठेका आणि जमावाचा प्रतिसाद छापता येत नाही. म्हणून साहित्याच्या इतिहासात सुर्व्यांना प्रकरण मिळते आणि अमर शेखांना परिच्छेद. या फरकाला गुणवत्तेइतकाच द्रव्याचा टिकाऊपणाही कारण आहे.

रंगभूमीची स्थिती या दोहोंच्या मधली. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. कामगारांच्या हौशी मंडळींना तिथे खरा रंगमंच मिळाला. नाटकाला पडदे, दिवे, तालमीची जागा आणि वर्गणी लागते. त्यामुळे ते एकट्याच्या नव्हे, मंडळाच्या बळावर उभे राहते. रात्रपाळी करून तालमीला उभा राहणारा नट ‘हौशी’ म्हणवला गेला, कारण त्याचा चरितार्थ यंत्रावर चालत होता. ‘व्यावसायिक’ आणि ‘हौशी’ हे भेद आपण कलागुणांचे मानतो; मुळात ते मोकळ्या वेळेचे भेद आहेत.

या परिसरात द्रव्य आणि धंदा यांची गाठ टिकली ती मूर्तिकलेत. चिंचपोकळीचे सार्वजनिक मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या बाजारातील मासळी विक्रेत्यांनी व व्यापाऱ्यांनी सुरू केलेले मंडळ १९३४ चे. लालबागच्या राजाची मूर्ती कांबळी घराण्याच्या पिढ्या घडवत आल्या. २०१७ साली निवर्तलेले विजय खातू यांचे नाव उंच मूर्तींशी जोडले गेले. इथे घाट आणि द्रव्य यांचे नाते फार स्पष्ट दिसते. शाडू ही बारीक, चिकट माती. ती सावकाश वाळते, घाई केली तर तडकते, आणि वजनाला भारी असते. त्यामुळे शाडूची मूर्ती स्वभावतः आटोपशीर, बैठी आणि अवयव अंगाशी ठेवणारी होते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी मिळताच ते काही मिनिटांत घट्ट होते, साच्यात काथ्यासह थापून आतून पोकळ ठेवता येते, आणि वजनाला हलके राहते. वीस फूट उंचीची, हात पसरलेली, उभी मूर्ती या द्रव्याने शक्य केली. मंडळांमधील उंचीची स्पर्धा हा भक्तीचा किंवा अभिरुचीचा विषय म्हणून चर्चिला जातो. तो रसायनाचाही विषय आहे.

हेच प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यावर बंदी सांगितली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्याची वाट मोकळी केली, पण नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर निर्बंध ठेवले. कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा वाद साध्या पर्यावरणाच्या कलमापेक्षा मोठा आहे. शाडूकडे परतायचे तर अधिक दिवस, अधिक जागा आणि मातीकामात मुरलेले हात लागतात. साच्यावर शिकलेल्या कारागिराजवळ ते असतीलच असे नाही. द्रव्य बदलले की विद्या बदलते, आणि विद्या बदलली की कोणाची तरी रोजी जाते. समुद्राचे नुकसान खरे आहे आणि कारागिराची अडचणही खरी आहे. यांतील एक बाजू झाकून दुसरी मांडणे सोपे असते, प्रामाणिक नसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरणगाव सावरले नाही. शाहिरीचा श्रोता विखुरला. हौशी नटाची गिरणी गेली आणि तिच्याबरोबर त्याचे मंडळही विरळ झाले. मूर्तीला दरवर्षीची मागणी होती, म्हणून ती राहिली. या पडझडीचे चित्रण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली रंगभूमीवर आणले. सुधीर पटवर्धन यांनी २००१ साली ‘लोअर परळ’ रंगवले. त्यांचा चरितार्थ क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून चालत असे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या शंभर आवाजांचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथरूपात आणला. म्हणजे गिरणगावाचे कागदोपत्री जतन मुख्यतः गिरणगाव मोडल्यानंतर झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने यातून काय घ्यावे? आमच्या मते, एखादी कलाकृती वाचताना तिच्या आशयाबरोबर तीन साधे प्रश्न विचारावेत : ती कशाची बनली, ती बनवण्याचा वेळ कोणी दिला, आणि ती जपून कोणी ठेवली. हे प्रश्न विचारले की अण्णा भाऊंचा वग, सुर्व्यांची कविता आणि लालबागच्या कारखान्यातील साचा एकाच इतिहासाच्या कक्षेत येतात. त्यांतील वग आणि साचा यांच्यासाठी आपल्या ग्रंथालयांत अजून खण नाहीत. चाली ज्यांच्या कंठात आहेत आणि शाडू ज्यांच्या हाताला कळतो अशी माणसे या परिसरात अद्याप आहेत. त्यांच्याकडून नोंदी घेण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एका वर्षाच्या प्रकल्पातही सुरू करता येईल.