आईला मज्जाव

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील इस्पितळांत असा कडक शिरस्ता होता, की मूल दाखल झाले म्हणजे आईने दाराशीच त्याचा निरोप घ्यावा आणि पुढे नेमून दिलेल्या दिवशी, नेमल्या वेळेपुरतेच त्याला भेटावे. लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तर १९४९ साली पहिला महिनाभर भेटीस मज्जाव असे. सायंकाळी सात ते आठ या वेळात आईबापांना झोपलेले मूल तेवढे पाहता येई. या नियमाच्या मुळाशी संसर्गाची धास्ती होती, आणि आई येऊन गेली की मुले आकांत मांडतात, ती न आल्यास लवकरच शांत होतात, हा परिचारिकांचा नित्याचा अनुभवही होता.

ही शांतता जेम्स रॉबर्टसन या मनोरुग्ण-समाजसेवकांना खरी वाटेना. युद्धकाळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी पाहिले होते, की आईवेगळे झालेले मूल आधी आक्रोश करते, मग खिन्न होते आणि अखेरीस आईची गरजच उरली नसल्यासारखे वागू लागते. या तिसऱ्या अवस्थेलाच इस्पितळे सुधारणा समजत. डॉक्टरांना ते पटेना, तेव्हा रॉबर्टसन यांनी बेंबीच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहिलेल्या, अडीच वर्षेही पुरी न झालेल्या लॉरा नावाच्या मुलीचे चित्रण केले. हवे तेवढेच निवडल्याचा आळ येऊ नये म्हणून रोज ठरावीक वेळी, भिंतीवरचे घड्याळ दिसेल अशा बेताने. लॉरा फारशी रडत नाही. ओठ आवळून, आपले टेडी अस्वल उराशी धरून ती आई हवी म्हणते, तेही निर्विकार चेहऱ्याने. आणि घरी निघताना आईने पुढे केलेला हात ती धरीत नाही. आईच्या कुशीत शिरून, पोटभर रडून ज्या वयात दुःखाचा निचरा व्हायचा, त्या वयात एकटीने केलेला हा निग्रह पाहून माझे तरी काळीज गलबलते.

१९५२ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा जमलेले कित्येक वैद्य संतापले. वास्तविक न्यूकॅसलला बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी विसाच्या दशकापासूनच तान्ह्या मुलांबरोबर आयांनाही दाखल करून घेतले होते. अखेर १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुक्त भेटीची आणि लहानग्यांसोबत आईलाही ठेवून घेण्याची शिफारस केली. परंतु अंमलबजावणी रेंगाळली, आणि तिच्या तगाद्यासाठी १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील आयांना स्वतःच संघटना उभारावी लागली.