दीर्घ कोविड : रक्तवाहिन्या व रक्तपेशींतील बदल

सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या संसर्गानंतर तीन महिन्यांनीही थकवा, धाप, धडधड, विस्मरण यांसारखी लक्षणे आढळली, ती किमान दोन महिने टिकली आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने त्यांचा उलगडा होत नसला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ मधील व्याख्येनुसार त्या अवस्थेस दीर्घ कोविड म्हणतात. अशा रुग्णांच्या रक्ततपासणीचे नेहमीचे अहवाल पुष्कळदा निर्दोष येतात. परंतु त्यांत मुख्यतः पेशींची संख्या मोजलेली असते, त्यांचे वर्तन नव्हे, म्हणून केवळ अहवालावरून रुग्णाची तक्रार मनाची समजणे अन्यायाचे आहे.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. हा थर निरोगी असता नायट्रिक ऑक्साइड स्रवून वाहिनी सैल ठेवतो व रक्त गोठू देत नाही. दुखावला की फॉन विलेब्रँड घटक हे बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेटना, चिकटवून धरणारे प्रथिन रक्तात सोडतो. तीव्र आजार ओसरून अनेक आठवडे लोटलेल्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेलेच असल्याचे डब्लिनमधील संशोधकांनी २०२१ साली दाखविले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या रेसिया प्रिटोरियस व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तरसात सहजी न विरघळणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. मात्र अशा गुठळ्या मधुमेहासारख्या अन्य विकारांतही दिसतात आणि त्या लक्षणांचे कारण आहेत, हे सिद्ध झालेले नाही.

पेशींच्या वर्तनाविषयी अधिक उद्बोधक काम जर्मनीतील एर्लांगेन येथे योखेन गुक यांच्या गटाने केले. तेथे रक्त अतिशय अरुंद नलिकेतून वेगाने सोडून प्रत्येक पेशीचे छायाचित्र घेतले गेले आणि दाबाखाली तिचा आकार किती बदलतो, हे ४० लाखांहून अधिक पेशींवर मोजले गेले. सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या तांबड्या पेशीला स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून वाकून जावे लागते. तिची लवचिकता बिघडली, तर फुप्फुसात प्राणवायू पुरेसा मिळूनही तो स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही, असा तर्क यातून पुढे आला. पांढऱ्या पेशींचे आकारमान व लवचिकता यांतही बदल आढळले आणि त्यांतील काही रुग्णालयातून घरी गेल्यावरही कित्येक महिने टिकले.

येथे पेशींचे आयुर्मान ध्यानात घेणे आवश्यक आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी फार तर काही दिवस. त्यामुळे महिने लोटल्यावर दिसणारा दोष त्याच जुन्या पेशींचा नसून, त्या जेथे घडतात त्या अस्थिमज्जेत काही बदल झाला असावा किंवा रक्तातील परिस्थितीच नव्या पेशींना बिघडवीत असावी, असे मानावे लागते. गंभीर कोविडनंतर रक्तपेशींच्या जनक पेशींमध्ये जनुकांच्या नियंत्रणातील बदल वर्षभरापर्यंत राहू शकतात, या २०२३ मधील निष्कर्षाने पहिल्या शक्यतेला बळ मिळाले आहे.

रक्त शरीराबाहेर गाळून गुठळ्या काढण्याचा महागडा उपाय काही खासगी दवाखान्यांत केला गेला. पण त्याच्या उपयोगाचा विश्वासार्ह पुरावा नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका संभवतो, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत.