तेल आणि ऊन : एका सोयरिकीची कुळकथा

गुरगावजवळच्या ग्वाल पहाडीत आयआयटी मुंबईने 2010 च्या दशकात 1 मेगावॉटचं छोटंसं वीजकेंद्र उभारलं. त्यात तेल लागतं, पण जाळायला नाही. आरशांनी तापवलेलं तेल नळ्यांतून फिरतं, पाण्याची वाफ करतं आणि वाफ टर्बाइन फिरवते.

या घराण्याचा एक पूर्वज मुंबईतलाच. उच्च न्यायालयातले उपनिबंधक विल्यम अ‍ॅडम्स यांनी कुलाब्यात सपाट आरशांचा झोत बॉयलरवर रोखून अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवलं. 1878 साली त्यांनी या विषयावर पुस्तकही छापलं.

दुसरी शाखा इजिप्तची. 1913 साली कैरोजवळच्या मआदीत फ्रँक शुमन या अमेरिकन माणसाने पन्हळीच्या आकाराचे पाच आरसे मांडले, प्रत्येक 62 मीटर लांब. त्यांच्या वाफेवर नाईलचं पाणी उपसलं जाऊ लागलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं, काम थांबलं. पुढे खनिज तेल इतकं स्वस्त झालं की उन्हाच्या यंत्राची कोणाला आठवण राहिली नाही.

1973 च्या तेलटंचाईने ती करून दिली. 1984 साली कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात पन्हळी आरशांचं व्यापारी केंद्र सुरू झालं आणि जुना वैरी तेल थेट नळीत येऊन बसला. कारण दाबाचं. 350 अंश सेल्सिअसला पाणी द्रव ठेवायचं तर वातावरणाच्या सुमारे 165 पट दाब लागतो. लांबच लांब नळ्या तेवढ्या जाड करणं परवडत नाही. नंतर आलेल्या कृत्रिम तेलाचं पाच-सहा पटींत भागतं. मात्र ते 12 अंशांखाली गोठतं. उत्तरेतल्या थंडीत रात्री त्याला ऊब द्यावी लागते.

ग्वाल पहाडीत दोन्ही शाखा शेजारी नांदल्या. पन्हळी आरसे तेल तापवणारे, तर अरुंद, सपाटसर पट्ट्या थेट वाफ करणाऱ्या, टर्बाइन एकच. केंद्राचा मुख्य हेतू नवे आरसे आणि नळ्या पारखण्याचा होता. त्याच काळात सौर पॅनेल झपाट्याने स्वस्त झाली आणि विजेची बाजी त्यांनी मारली.

आरशांची खरी जागा उष्णतेच्या कामात आहे. लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या सहभागाने घडलेल्या ‘अरुण’ या तबकडीने दुधाच्या पाश्चरीकरणाला उष्णता पुरवली. दूध तापवायला उन्हाची आधी वीज करावी लागत नाही.